स्पिरिटला न जुमानणारे बीजाणू
(भाषणाचा मजकूर)



स्पिरिटमध्ये बुडवून काढलेली कात्री निर्जंतुक झाली, असे आपण सर्रास समजतो. पुष्कळ जंतू स्पिरिटने मरतात हे खरे. पण धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. अस्वच्छ पात्याने नाळ कापल्यामुळे आपल्या देशात किती अर्भके दगावली, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. माता व नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याची मान्यता २०१५ साली मिळाली. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांचे ते फळ होय.

अन्नाचा तुटवडा पडला की काही जंतू आपल्याच पेशीत बीजाणू घडवतात. बॅसिलस सबटिलिस या जंतूच्या अशा बीजाणूंचे वर्णन फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये केले.

फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन पेरॉक्साइड ही रसायने डीएनएवर घाव घालतात. वाढत्या पेशीला तो घाव लगेच दुरुस्त करता येतो. निद्रिस्त बीजाणूला तेवढीही शक्ती नसते. मग तो तगतो कसा?

घाव होऊच न देण्याची त्याची तयारी असते. बाहेरची जाड आवरणे काही रसायनांना तिथेच अडवतात. आतला पडदा त्यांना फार सावकाश शिरू देतो. गाभ्यात पाणीही थोडेच. शिवाय डीएनएला लहान लहान प्रथिने घट्ट लपेटून बसलेली असतात. अमेरिकेतील पीटर सेटलो व सहकाऱ्यांनी यातली मुख्य प्रथिने नसलेले बीजाणू तयार केले, तेव्हा पेरॉक्साइडने त्यांचा डीएनए तुटू लागला. धडधाकट बीजाणूही पेरॉक्साइडने अखेर मरतो, पण डीएनए तुटून नव्हे. उलट फॉर्माल्डिहाइड या कवचातूनही हळूहळू डीएनए गाठते. आणि काही अल्किलकारी रसायनांपुढे या प्रथिनांचे काही चालत नाही.

गंमत पुढेच आहे. बीजाणू रुजताना हीच प्रथिने पचवून तो वाढीला लागतो, म्हणजे अंगरखाच शिदोरी होतो! झोपेत झालेले थोडेफार घावही तो तेव्हाच दुरुस्त करतो.

म्हणून औषधाच्या नावापेक्षा त्याला दिलेला वेळ पाहा. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये उपकरण पुरते निर्जंतुक व्हायला सुमारे दहा तास लागतात. दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सियसला, पंधरा मिनिटे साधारणपणे पुरतात. जुलाबाच्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा रुग्ण असेल, तर हाताला नुसते अल्कोहोल चोळून भागत नाही; साबण-पाण्याने हात धुवावे लागतात. बीजाणू त्यानेही मरत नाहीत, पण वाहून जातात.