अंगातलं विरजण
(काष्टी, ता. श्रीगोंदा येथील बायकांच्या आरोग्य-बैठकीतलं भाषण)

बायांनो, काल शनिवार होता, म्हणजे तुमच्या गावचा जनावरांचा बाजार. गाय माजावर आली की तिचा सोट कसा आहे, काचेसारखा स्वच्छ की पूसारखा गढूळ, हे घरातला पुरुष बारकाईनं बघतो. बिघाड दिसला तर डॉक्टर गोठ्यापर्यंत येतो. आपल्या अंगावरून काय जातं हे मात्र आपण सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ. तेव्हा ‘माझ्या एकटीचंच असं’ हे आधी डोक्यातून काढा.

आता विरजणाकडे येऊ. चमचाभर दह्यात कोट्यवधी जिवंत जंतू असतात. ते दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणात दूध नासवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. याच जंतूंची भावंडं बहुतेक निरोगी बायकांच्या योनिमार्गात राहतात. १८९२ साली डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरनं त्यांचं वर्णन केलं. आज त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात. मुलगी वयात आली की तिथल्या अस्तरात साखरेचा साठा होऊ लागतो, त्यावर हे जंतू जगतात आणि जागा आंबट ठेवतात. म्हणून थोडं पांढरं जाणं, पाळीच्या मधल्या दिवसांत चिकट जाणं, हा आजार नव्हे. त्यानं ‘हाडं झिजत’ नाहीत.

पण ती जागाच घाण, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मग कुणी आतून साबण लावतं, कुणी जंतुनाशक घालून धुतं. विरजणाच्या भांड्यात साबण ओतल्यावर दही लागेल का? राखणदार मेले की दुसरे जंतू माजतात आणि मासळीसारखा वास सुटतो. वास आला म्हणून आपण आणखी धुतो! बाहेरून साधं पाणी पुरे. आत काही घालायचं नाही.

ऊठसूट घेतलेल्या जंतुनाशक गोळ्यांचंही तसंच. सर्दीला त्यांचा उपयोग नसतो, पण राखणदार मात्र त्या मारतात. मग बुरशी वाढते, खाज सुटते, फुटक्या दह्यासारखं जातं.

मघाशी एकीनं विचारलं, मग दहीच लावलं तर? नाही. दह्यातले जंतू वेगळ्या जातीचे, ते तिथं मुक्काम करत नाहीत. दुकानात प्रोबायोटिक नावाच्या महागड्या कॅप्सूल मिळतात. या त्रासावर त्यांचा भरवशाचा पुरावा अजून नाही. पैसे मोडू नका.

दही-ताक खा, ते पोटासाठी आणि ताकदीसाठी. पण खायला उरतं कुठं? पूर्वी ज्या घरी घुसळण, तिथून शेजारणी तांब्याभर ताक नेत. आता पहाटे दूध केंद्रावर जातं. शेण आपण काढतो, धार आपण काढतो, बिल त्याच्या नावावर निघतं आणि उरलेलं दही आधी मुलग्याच्या ताटात पडतं. हा हिशेब मला डॉक्टरांच्या पुस्तकात कुठं सापडला नाही.

वास, खाज, पिवळं-हिरवं जाणं, ओटीपोटात दुखणं, यातलं काही असेल तर तपासून घ्या. नुसतं सांगून गोळ्या आणू नका, कारण प्रत्येक आजाराचं औषध वेगळं. त्यातले काही नवऱ्याकडून येतात. तिथं त्यानंही औषध घ्यायला हवं, नाहीतर तुमचं बरं होऊन पुन्हा तेच. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

मी शरीराचं चित्र आणलंय. दार लोटून घ्या आणि मागच्यांनी पुढं सरका, इथून नीट दिसेल.