एकाच डोंगराकडे जन्मभर



सह्याद्री कुठून कुठवर, हे इथे सणसरच्या पोरांनाही पाठ आहे, ते सोडतो. मला एकच सांगायचंय. चांगल्या निसर्गछायाचित्रकाराला जग पालथं घालावं लागत नाही. त्यानं एक डोंगर धरावा आणि सोडू नये.

अमेरिकेतले छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स घ्या. 1916 साली, चौदाव्या वर्षी, आईवडिलांनी दिलेला साधा कोडॅक घेऊन ते योसेमिटीच्या डोंगराळ खोऱ्यात गेले आणि पुढे दरवर्षी जात राहिले. 10 एप्रिल 1927. पाठीवर जड कॅमेरा, काचेच्या बारा प्लेटा, वाटेत बर्फ. तिथल्या हाफ डोमच्या कड्यासमोर पोहोचले तेव्हा दोनच प्लेटा शिल्लक होत्या. पहिलीला पिवळा फिल्टर लावला आणि लगेच उमगलं, यात डोंगराचा दरारा येणार नाही. शेवटचीला गडद लाल लावला. लाल काच निळा उजेड अडवते, आभाळ काळं पडतं आणि कडा अंगावर येतो. हे त्या क्षणी सुचलं, कारण मागे अकरा वर्षांची ओळख होती! पुढे त्यांचं 1938 चं सिएरा नेवाडा डोंगररांगेवरचं पुस्तक थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत गेलं. 1940 मध्ये त्याच रांगेत किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात त्या पुस्तकातल्या फोटोंचा वाटा आहे.

माझा डोंगर भोरचा रायरेश्वर. सप्टेंबरात पठार सोनकीच्या फुलांनी पिवळं होतं. तेवढंच बघून परतणाऱ्याला फेब्रुवारीतला वणवा दिसत नाही. गवत जळून काळा झालेला उतार, पायाखाली कुरकुरणारी राख. कारवी तर सात वर्षांनी फुलते. एकदाच येणाऱ्यानं ती बघायची कधी?

(मागून : “फोटोनं कालव्याचं आवर्तन वाढतंय का?” हशा.)

नाही वाढत. पण प्रश्न बरोबर जागी आलाय. तुमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. तुमच्या नीरा डाव्या कालव्याचं पाणी रायरेश्वर-महाबळेश्वराच्या त्याच घाटमाथ्याच्या रांगांतलं. या कालव्याला पाणी देणारं भाटघर धरण 1928 चं. वणव्यानं उघडा पडलेला उतार पहिल्या वळवात माती सोडतो, ती खाली धरणात बसते. एकाच जागेवरून वर्षानुवर्षं काढलेला फोटो हा त्याचा पुरावा असतो.

फोटोवाल्यांनी कासच्या फुलांच्या पठारावर गर्दी केली, असंही ऐकवतात. फुलं तुडवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण उघडा कातळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत फोटोंनीच मोडली.

आता तुमचं काम. 

तुमच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे, तिथे चिंकारा आहे. त्या माळावरची एक जागा ठरवा. दरसाल पावसाआधी आणि दिवाळीत, त्याच जागेवर उभं राहून मोबाइलनं फोटो काढा, तारीख लिहा आणि शाळेत लावा. येत्या जूनपासूनच सुरुवात करा.