शिफारसपत्राचे मोल
(मंगरूळपीर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंगरूळपीरची मुलेमुली शिकून अकोला, अमरावती, पुण्यास जातात व तेथे एक नोकरी सोडून दुसरी धरतात. अशा वेळी मंडळाकडे मागणी येते ती एकच : "तेथील साहेब आपल्यातलेच आहेत, दोन ओळी लिहून द्या." त्या दोन ओळींविषयीच आम्हांस आज बोलावयाचे आहे.

वशिला आणि शिफारस हे शब्द आपण एकाच अर्थाने योजतो. वस्तुतः त्यांत महदंतर आहे. माणूस कोणाचा, हे वशिला सांगतो. माणूस कसा, हे शिफारस सांगते.

डॉ. आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. कृ. अ. केळुस्कर गुरुजींनी त्यांचे वाचनवेड स्वतः पाहिले होते. पुढे केळुस्करांच्याच शब्दावर सयाजीराव महाराजांनी त्यांस कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांस आपल्या या विद्यार्थ्याविषयी पत्र लिहिले. गुरुजी त्यांच्या ज्ञातीचे नव्हते, प्राध्यापक तर देशाचेही नव्हते. त्याच सुमारास मद्रासेत रामानुजन हे हंगामी कारकुनी सोडून पोर्ट ट्रस्टात अर्ज करीत होते. सोबत प्रा. मिडलमास्ट यांचे, त्यांच्या गणितातील असामान्य कुवतीची ग्वाही देणारे पत्र होते. १ मार्च १९१२ पासून दरमहा ३० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली.

तात्पर्य, पत्र त्यानेच द्यावे, ज्याने काम पाहिले आहे. किती वर्षे पाहिले, कोणते काम सोपविले, अडचणीच्या वेळी उमेदवार कसा वागला, हे त्यात असावे. 'सुशील व होतकरू' एवढ्याने कोणाचीच ओळख पटत नाही. मुलामुलींनीही जुनी नोकरी सोडताना मुदतीची सूचना द्यावी, कामाचा हिशेब नीट सोपवावा, आणि वरिष्ठांचे पत्र तेथून निघण्यापूर्वीच मागून घ्यावे. कोणाचे नाव अर्जात द्यावयाचे तर आधी त्यांची अनुमती घ्यावी. कारण हल्ली पुष्कळ कंपन्या जुन्या कचेरीत परस्पर चौकशी करतात.

कोणी म्हणतील, "इतर लोक वशिला लावतात, मग आपलीच मुले मागे का राहावीत?" प्रश्न रास्त आहे. परंतु मंडळाच्या पत्रावर घेतलेला एक उमेदवार नालायक ठरला, की त्या कचेरीत मंडळाच्या पुढच्या पत्रास किंमत राहत नाही. आणि ते पुढचे पत्र कदाचित एखाद्या विधवेच्या गुणी मुलाचे असते. नुकसान त्याचे होते, ज्याचा काहीच दोष नाही.

म्हणून आमची कार्यकारिणीस विनंती आहे की, ज्याचे काम आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्यास मंडळाच्या नावाने पत्र देऊ नये. आणि ज्याचे पाहिले आहे, त्यास मागण्यापूर्वीच द्यावे. तसा ठराव याच संमेलनात व्हावा, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.