कौटिल्याची अमात्यपरीक्षा आणि आजची मुलाखत
(वर्धापन-महोत्सवातील व्याख्यान)



सज्जनहो, मठाच्या महोत्सवात शासकीय पदाच्या मुलाखतीचा विषय कशाला, असे कित्येकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु पाठशाळेत शब्दरूपावली व अमरकोश मुखोद्गत करून पुढे महाविद्यालयात गेलेली काही मुले आज लोकसेवेच्या परीक्षांना बसतात. लेखी परीक्षेचे त्यांना भय नसते. सलग बैठकीची सवय त्यांच्या अंगवळणी पडलेलीच असते. पाऊल अडखळते ते मुलाखतीच्या दाराशी. ‘आम्हांला अनुभव तो कसला? मठात वाढलो, एवढेच,’ असे म्हणून ती आधीच खचतात. हा समज कितपत खरा, हे पाहण्यासाठी एका जुन्या ग्रंथाचे साह्य घेता येईल.

प्रथम आजच्या परीक्षेचे स्वरूप. केंद्राच्या गट ‘क’ व अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. म्हणून येथे विचार वरिष्ठ पदांचाच. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, असे २०२५ गुण असतात. ज्ञानाची परीक्षा लेखी उत्तरांत होऊन गेली, ती पुन्हा घ्यावयाची नाही, असे आयोगच सांगतो. पाहावयाची असते बुद्धीची तरतरी, मुद्देसूद मांडणी, निर्णयातील समतोल, लोकांना एकत्र बांधण्याची हातोटी आणि बौद्धिक व नैतिक सचोटी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्क्लेलँड यांनी १९७३ साली असा आग्रह धरला होता की, माणूस निवडताना नुसती बुद्धी मोजू नये, कार्यक्षमता पाहावी. त्या विचारातून मुलाखतीची जी रीत वाढली, तीत ‘तुम्ही काय कराल?’ यापेक्षा ‘अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलेत?’ या प्रश्नाला मोल अधिक. केंद्र शासनाने २०२० साली मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ योजनेतही पदाला लागणाऱ्या क्षमता हाच पाया धरला आहे.

आता कौटिल्याकडे वळू. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली आली व १९०९ साली ती मुद्रित झाली. तिच्या पहिल्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायात अमात्य कोणास नेमावे, यावर आचार्यांचा वाद आहे. भारद्वाज म्हणतो, सहाध्यायी नेमावेत. विशालाक्षाला ते मान्य नाही, कारण एकत्र खेळलेले लोक राजाला जुमानत नाहीत. कोणी पिढीजात सेवकांची बाजू घेतो, कोणी नवख्यांची. बाहुदंतीपुत्राचा आक्षेप तर पाठशाळेने कान देऊन ऐकावा असा आहे: शास्त्र जाणणारा, पण काम कधी न केलेला माणूस प्रत्यक्ष कामात खचतो! कौटिल्य कोणालाच खोटे ठरवीत नाही. माणसाची योग्यता ठरवावी ती कार्य पार पाडण्याच्या त्याच्या शक्तीवरून, एवढा निर्णय देऊन तो पुढे जातो.

नवव्या अध्यायात तर कोणता गुण कोठून जाणावा, याची वाटणीच आहे. विद्येची पारख समविद्यांकडून करावी. प्रज्ञा, धारणा व दक्षता आरंभिलेल्या कामांत दिसतात. उत्साह, प्रभाव आणि क्लेश सोसण्याची शक्ती संकटात कळते. शुचिता व मैत्री व्यवहारात, शील व सत्त्व सहवासात असणाऱ्यांकडून. संभाषणातून समजतात ते फक्त वक्तृत्व, धीटपणा आणि प्रतिभान, म्हणजे समयसूचकता. येथेच मुलाखतीची खरी अडचण दिसते. मंडळाच्या हाती संभाषणाखेरीज दुसरे साधन नसते, आणि जाणून घ्यावयाचे असते काम, संकट व व्यवहार यांतले गुण. म्हणून मंडळ संभाषणातूनच उमेदवाराच्या कामापर्यंत पोहोचू पाहते. ‘केव्हा, कोठे, कसे’ हे प्रश्न त्यासाठीच येतात.

समजा, पाठशाळेचा एक विद्यार्थी पुण्यतिथीच्या उत्सवात पंगतीवर होता. अंदाज पाचशे पानांचा, आले आठशे. त्याने दुसरी पंगत बसण्यापूर्वी माणसे मोजली, कोठीत विचारले. तांदूळ अर्धेच पोते उरले होते. आणखी एक पोते दुकानातून उधारीवर आले, वृद्धांना व लेकुरवाळ्यांना आधी बसविले, शेवटच्या पानापर्यंत भात पोहोचला. प्रसंग कोणता, वाट्यास काय आले, केले काय, निष्पन्न काय झाले, ही चारही अंगे येथे आहेत. परंतु मंडळ येथे थांबत नाही. उधारी कोणाच्या संमतीने झाली? वहीत कोठे लिहिली? शिजवून उरलेल्या अन्नाचे काय केले? पुढच्या वर्षी अंदाज कसा बांधला? जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्याला हेच प्रश्न रोज पडणार असतात, फक्त पोत्यांची संख्या मोठी.

मठात वाढलेल्याची एक विशेष अडचण येथे सांगितली पाहिजे. त्याच्या तोंडी ‘आम्ही केले’ किंवा ‘गुरुकृपेने झाले’ असेच येते. संस्कार म्हणून हे थोरच आहे. परंतु मंडळास कळावयाचे असते की, त्यांतले या उमेदवाराच्या हातून नेमके काय झाले. गुरुकृपा अंतःकरणात असू द्यावी, जे ज्याने केले ते त्याच्या वाट्यास द्यावे, आणि आपल्या हाताने झाले तेवढे स्पष्ट सांगावे. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्यास मुलाखतही मराठीतून देण्याची मुभा आहे, त्यामुळे भाषेची सबब उरत नाही.

दुसरी वाट मोहाची आहे: शिकवणीत तयार मिळणाऱ्या गोष्टी. पूर न पाहिलेला मुलगा पूरग्रस्तांच्या सेवेची कथा पाठ करतो. पहिले उत्तर सुरेख येते, दुसऱ्याला अडखळतो, तिसऱ्याला कपाळी घाम. कौटिल्याने धर्म, अर्थ, काम व भय यांच्या प्रलोभनांनी अमात्याची शुचिता पारखण्यासाठी गुप्त हेर योजिले होते. आजच्या मंडळाला हेर लागत नाहीत, तिसरा प्रश्न पुरतो. अर्जात छंद म्हणून ‘वेदान्तवाचन’ लिहिणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. तो अर्ज मंडळासमोर असतो.

तेव्हा तयारीची रीत साधी आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत स्वतः केलेली आठ-दहा कामे कागदावर उतरवावीत. फसलेलेही एखादे असावे. मग ती मोठ्याने सांगावीत, आणि तीही आरशापुढे नव्हे, तर ज्यांनी ते काम जवळून पाहिले त्यांच्यापुढे. वरचा विद्यार्थी उत्सवाची हकीकत कोठावळ्यांना ऐकवू लागला, तर ते मध्येच म्हणतील, ‘अरे बाळ, दुकानात तू नव्हतास गेलास, ते आचाऱ्यांनी आणविले. तू सभामंडपात होतास. तीनशे माणसे तासभर भुकेली होती, तू त्यांना भजनाला बसविलेस, एकही तंटा झाला नाही.’ मग त्याने तांदळाची गोष्ट सोडावी आणि त्या तासाची सांगावी.