कोर्लई : उतारावरचे गाव आणि त्याची बोली

स्पेन देशाच्या उत्तर किनाऱ्यावर कुडिल्येरो नावाचे मासेमाऱ्यांचे एक गाव आहे. मध्ये लहानसे बंदर, आणि त्याभोवती डोंगराच्या उभ्या उतारावर एकीवर एक चढत गेलेली रंगीबेरंगी घरे, अशी त्याची रचना. नाटकगृहात प्रेक्षकांच्या रांगा चढत जाव्यात तशी ती घरे समुद्राकडे तोंड करून उभी असतात. त्याची चित्रे पुष्कळ श्रोत्यांच्या पाहण्यात आली असतील. परंतु डोंगर, दर्या आणि दाटीने वसलेली घरे यांचा संगम पाहण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. नगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगराहून, पहाटे मोटार काढली तर दुपारच्या भोजनापर्यंत तसल्याच एका गावी पोहोचता येते. ते गाव रायगड जिल्ह्यातील कोर्लई.

माघातील एका सकाळी नगरचे एक निवृत्त वकील मुलगा, सून व शाळकरी नात यांना घेऊन या वाटेने निघाले. शिरूर मागे पडले, पुणे आले, आणि खंडाळ्याचा घाट उतरताच हवा पालटली. नगरकडचे उघडे माळ, ज्वारीची शेते आणि आटलेले ओढे यांच्या जागी भातखाचरे, नारळी आणि पोफळी दिसू लागल्या. ज्या सह्याद्रीने पाऊस अडवून नगरला कोरडे ठेवले त्याच सह्याद्रीने कोकणाला हिरवे केले, हा भूगोलाचा धडा नातीला त्या दिवशी पुस्तकाविना समजला. पेण, अलिबाग, चौल आणि रेवदंडा ही गावे ओलांडून मोटार कुंडलिका नदीच्या पुलावर आली, आणि समोर समुद्रात शिरलेला एक लांब, अरुंद डोंगर दिसला. त्याच्या माथ्यावर तटबंदी आणि पायथ्याशी गाव होते.

"आजोबा, हा किल्ला कोणाचा?" नातीने विचारले. वकीलसाहेब हसून म्हणाले, "आपल्याच नगरकरांचा. पण फार दिवस टिकला नाही."

हे उत्तर विनोदाचे नव्हते. मलिक अहमदाने १४९० साली निजामशाहीची स्थापना केली आणि पुढे नगर शहर वसविले. नगर समुद्रापासून दूर. म्हणून चौल हेच त्या राज्याचे दर्यावरचे दार ठरले. सैन्याला लागणारे घोडे अरबस्तानाकडून येत ते याच दारातून. पोर्तुगीजांनी १५२१ साली निजामशहाची अनुमती मिळवून रेवदंड्यास आपले ठाणे बांधावयास घेतले. प्रारंभी उभयतांची मैत्री होती. पुढे वैर वाढले, आणि १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने त्या ठाण्यास घातलेला वेढा निष्फळ झाला. शेवटी दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने १५९४ साली खाडीच्या दक्षिणेस याच कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारला. उद्देश स्पष्ट होता. खालून जाणारे प्रत्येक जहाज वरच्या तोफांच्या माऱ्यात यावे आणि पोर्तुगीजांचा श्वास कोंडावा. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी डोंगर चढून किल्ला जिंकला. त्या काळी खुद्द पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या छत्राखाली होता. १५८० पासून १६४० पर्यंत हीच स्थिती राहिली. म्हणजे नगरच्या सुलतानाचा हा किल्ला एका अर्थी स्पेनच्याच राजाच्या पदरी पडला! पुढल्याच वर्षी बुऱ्हाण वारला, मोगलांनी नगरला वेढा घातला, आणि चांदबीबीला तट राखण्यासाठी उभे राहावे लागले. दर्याचे दार गेले आणि पाठोपाठ घराचा उंबरठाही डळमळला.

मंडळी प्रथम दीपगृहाकडून किल्ल्यावर गेली. चढ छातीवर येणारा आहे. वर एकामागून एक दरवाजे, पोर्तुगीज शिलालेख, पावसाचे पाणी साठविण्याचे टाके आणि छप्पर गेलेले प्रार्थनामंदिर आहे. एका बाजूस उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूस खाडी. पश्चिमेचा वारा आणि लाटा डोंगराने अंगावर घ्याव्या आणि आतल्या बाजूस होड्यांना निवारा मिळावा, अशी ही निसर्गाची योजना आहे. गाव येथेच का वसले, याचे उत्तर वरून पाहताच मिळते.

खाली उतरल्यावर गाव जवळून दिसले. निळी, पिवळी, हिरवी, गुलाबी घरे एकमेकींना खांदा लावून उभी होती, आणि त्यांच्या मधून दोन माणसे कष्टाने शेजारी चालतील अशा वाटा गेल्या होत्या. सपाट जागा थोडी, आणि कोळ्याला होडीपासून दूर राहून चालत नाही. म्हणून ही दाटी. किनाऱ्यावर रंगविलेल्या होड्या ओळीने लागल्या होत्या. होडीचा रंग डोळ्याला सुख देतो खरा, परंतु त्याचे पहिले काम खाऱ्या पाण्यापासून लाकूड राखण्याचे. बायका मासळी निवडीत होत्या, पुरुष जाळ्यांची भोके सांधीत होते. नगरच्या आठवड्याच्या बाजारात जे सुके बोंबील आणि सुकट मिळते त्याचे माहेर असल्याच किनाऱ्यांवर आहे, हे सूनबाईंच्या ध्यानात आले. आणि जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा घर कसे चालते, हा प्रश्नही त्यांच्या मनात आला.

ख्रिस्ती वस्तीतून जाताना एक वृद्धा दारात बसून नातवाशी बोलत होती. ती बोली ना मराठी, ना कोकणी. मुलगी थबकून ऐकू लागली, तेव्हा वृद्धा स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाय, ही आमची घरातली भाषा."

'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असेच तिचे नाव आहे. पोर्तुगीज शिपाई आणि येथील ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या सहवासातून ती जन्मली. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत, परंतु वाक्याची ठेवण हळूहळू मराठीसारखी होऊन क्रियापद शेवटी येऊन बसले आहे. मराठीनेही पोर्तुगीजांकडून पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, घमेले असे शब्द घेतलेच. येथे मात्र एक अख्खी बोली उभी राहिली. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन केले आणि ते निघून गेले. त्यानंतर या बोलीला ना राजाश्रय, ना शाळा, ना छापखाना. तरीही पावणेतीनशेंहून अधिक वर्षे ती जगली. आज ती बोलणारी माणसे हजाराच्या आसपास आहेत.

ती टिकली कशी? चुलीपाशी बोलली गेली म्हणून. आता धोका आहे तोही तेथेच. मुले मराठी शाळेत जातात, तरुण मुंबईस नोकरी धरतात, आणि पोटासाठी जी भाषा लागते ती हळूहळू घरातही शिरते. यात दोष कोणाचा नाही. परंतु उद्या त्या वृद्धेचा नातू आपल्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलेल, यावर या बोलीचे आयुष्य अवलंबून आहे.

परतताना पुलावर मोटार थांबवून मंडळींनी मागे पाहिले. सूर्य कलला होता आणि घरांचे रंग एकमेकांत मिसळत होते. निजामशाही गेली, स्पेनच्या राजाची सत्ता गेली, पोर्तुगीजही गेले. किल्ल्याचे दगड ढासळत आहेत. त्या सर्वांहून चिवट ठरली ती आजीने नातवाशी बोललेली भाषा. नातीने घाट चढेपर्यंत काही विचारले नाही. मग हळूच म्हणाली, "आजोबा, नगरी बोलीतले जुने शब्द तुम्हांला किती येतात? मला सांगाल?"

वकीलसाहेबांनी सांगावयास आरंभ केला, आणि नगर येईपर्यंत ते शब्द संपले नाहीत.