कुणाचं तरी माणूस

श्रोतेहो, आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मग तो मुंबईला निघालेला असो, नाहीतर नाक्यावर मीठ आणायला. आणि प्रवास लांबचा असला, तर घरातली माणसं त्याच्या मागोमाग एसटी स्टँडपर्यंत जातात. गाडी सुटते, वळणावर दिसेनाशी होते, तरी काही जण तिथंच उभे असतात. त्या उभं राहण्याने प्रवाशाच्या पदरात काय पडतं, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पण ही रीत कुणी सोडलेलीही नाही.

आज मी बोलणार आहे ते अशाच एका निरोपाविषयी. माणसं घेऊन एखादं यान अंतराळात जातं आणि ते आपल्या डोक्यावरून जाताना दिसेल का, म्हणून लोक गच्चीवर, अंगणात, माळावर जाऊन उभे राहतात. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला कवी माणूस. यातलं शास्त्र मी जाणकारांना विचारून शिकलो, आणि शिकताना असं लक्षात आलं की ते फारसं अवघड नाही.

अंतराळ स्थानक साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून फिरतं. मुंबईहून कोल्हापूर रस्त्याने जितकं दूर, जवळपास तितकंच ते वर. वेग मात्र तासाला सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर. मुंबईवरून नागपूरवर यायला त्याला दीड मिनिट पुरतं आणि सगळ्या पृथ्वीला फेरी मारायला दीड तास. त्याला स्वतःचा असा दिवा नसतो. सूर्य मावळून आपल्याकडे अंधार पडतो, पण तेवढ्या उंचीवर ऊन अजून असतं. ते ऊन स्थानकाच्या अंगावर पडतं आणि आपल्याला एक तेजस्वी ठिपका सरकताना दिसतो. म्हणून बघायची वेळ दोनच : दिवस मावळल्यावर थोडा वेळ, किंवा पहाटे उजाडण्याआधी. विमानाचे दिवे लुकलुकतात, हा ठिपका लुकलुकत नाही. पश्चिमेच्या बाजूने येतो, पूर्वेच्या बाजूला जातो आणि चार-सहा मिनिटांत खेळ संपतो. कधी तर आकाशाच्या मध्यावरच विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो.

स्थानक मोठं, फुटबॉलच्या मैदानाएवढं, म्हणून ठळक दिसतं. माणसं घेऊन निघालेलं यान त्याच्यापुढे अगदी लहान, त्यामुळे त्याचा ठिपका फिका असतो. पण वेळ जुळून आली तर तेही दिसतं. अमेरिकेची स्पेस शटल उडत होती त्या काळात, फ्लोरिडातून संध्याकाळी सुटलेलं यान अटलांटिक ओलांडून वीसेक मिनिटांत ब्रिटनच्या आकाशात येत असे आणि तिथले लोक अंगणात उभे राहून ते पाहत असत. पुढे स्थानकाजवळ पोहोचताना एकामागोमाग एक जाणारे दोन ठिपकेही कित्येकांनी पाहिले आहेत. एक पुढे चाललेला आणि दुसरा त्याला गाठायला निघालेला.

माझ्या पिढीला हा नाद लागला तो १९८४ साली. त्या वर्षी ३ एप्रिलला स्क्वॉड्रन लीडर राकेश शर्मा दोन सोव्हिएत सहकाऱ्यांबरोबर बैकानूरहून सोयूझ टी-११ या यानातून निघाले आणि सॅल्यूत-७ या स्थानकावर जाऊन राहिले. मी तेव्हा शाळेत होतो. दापोली तालुक्यातलं, समुद्राला लागून असलेलं आमचं गाव. टीव्ही नव्हता, बातम्या रेडिओवर ऐकायच्या. वरून भारत कसा दिसतो, असं पंतप्रधान इंदिरा गांधींनी विचारलं आणि शर्मांनी कवी इक्बाल यांच्या प्रसिद्ध ओळीने उत्तर दिलं, तेव्हा सगळी आळी खूष झाली होती. एका कवीची ओळ आकाशातून खाली आली, याचं मला आजही अप्रूप आहे.

त्या आठवड्यात आम्ही मुलं रोज तिन्हीसांजेला कौलारू घराच्या खळ्यात उभी राहायचो. चैत्रातलं स्वच्छ आकाश, वीज बेताचीच, तारे भरपूर. पण ते यान कधी येणार, कुठल्या दिशेने येणार, हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. सरकणारा ठिपका दिसला की आम्ही ओरडायचो. तो खरोखर काय होता, देव जाणे. ११ एप्रिलला शर्मा सुखरूप परतल्याचं रेडिओने सांगितलं, तेव्हा आमचं खळ्यातलं उभं राहणं थांबलं.

माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणतो, आमच्याबरोबर यायची. तिला आकाशाकडे बघायची सवय आधीपासूनच होती. आमच्या घरात चांदरात म्हणजे मोठा कार्यक्रम. महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी मगरिबच्या सुमारास पश्चिमेला डोळे लावून बसायचं. चंद्राचं गणित कॅलेंडरवाल्यांना आधीपासून माहीत असतं, तरीही माणसं बघायला जातातच. ज्याला आधी कोर दिसते तो बोट दाखवून बाकीच्यांना दाखवतो, आणि मग सगळे हात दुवेसाठी उचलले जातात.

पण अम्माचं बघणं त्याहून वेगळंही होतं. माझे वडील जहाजावर खलाशी होते. आमच्या किनारपट्टीतली कितीतरी मुसलमान घरं अशी दर्यावर चाललेली. वर्षातले नऊ-दहा महिने ते बाहेर. रात्री समुद्रात लांबवर एखाद्या जहाजाचा दिवा दिसला की अम्मा पडवीत उभी राहायची, ओठ हलवायची. ते जहाज वडिलांचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. त्यांचं जहाज तेव्हा कुठल्या तरी परक्या बंदरात. मी एकदा विचारलं, “मग कुणासाठी दुवा मागतेस?” ती म्हणाली, “कुणाचं तरी माणूस असेलच की त्याच्यात.”

श्रोतेहो, आकाशातून सरकणाऱ्या त्या ठिपक्याकडे कसं बघायचं, हे मला त्या वाक्याने शिकवलं. वर हजारो उपग्रह फिरत असतात. संध्याकाळी तासभर उताणं पडलं तर पाच-दहा सहज दिसतील. पण ज्याच्यात माणूस आहे, त्याच्याकडे बघताना नजर बदलते.

असं बघणारे फक्त आपणच नाही. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरत होता; पृथ्वीला फेरी मारणारा तो अमेरिकेचा पहिला अंतराळवीर. लहानशी कुपी, आत तो एकटा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरावरून तो रात्रीच्या वेळी जाणार होता. पर्थच्या लोकांनी ठरवलं की आपण त्याला दिसलं पाहिजे. घराघरांतले दिवे चालू ठेवले, काहींनी उजेड परतून वर जावा म्हणून अंगणात पांढऱ्या चादरी टांगल्या. ग्लेनला ते शहर दिसलं आणि दिवे लावल्याबद्दल सगळ्यांचे आभार माना, असं त्याने रेडिओवरून कळवलं. पुढे १९९८ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी तो पुन्हा अंतराळात गेला, तेव्हा पर्थने पुन्हा दिवे लावले. ग्लेन त्यांचा कुणी लागत नव्हता.

आणि कधीकधी असं बघायला उभं राहिलेल्यांच्या वाट्याला फार जड क्षण येतो. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया हे यान सात जणांना घेऊन निघालं. त्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. १ फेब्रुवारीला यान परतीच्या वाटेवर होतं. कॅलिफोर्नियात तेव्हा पहाट व्हायची होती. आकाशातून जाणारी त्याची तेजस्वी रेघ पाहायला काही लोक मुद्दाम उठून बाहेर आले होते, कुणाच्या हातात व्हिडिओ कॅमेरा होता. त्या रेघेतून मध्येच ठिणग्या निसटताना त्यांना दिसल्या. काही मिनिटांनी टेक्सासवर यानाचे तुकडे झाले. सातांपैकी कुणीही परत आलं नाही. पुढे चौकशी झाली तेव्हा या साध्यासुध्या लोकांनी घेतलेल्या चित्रणाचा उपयोग झाला. कुठे काय निसटलं हे त्यावरून जुळवता आलं. ही माणसं आपल्या अंगणातून एक सुंदर दृश्य पाहायला उठली होती आणि शेवटच्या प्रवासाची साक्षीदार झाली. बातमी आली त्या रात्री अम्माने कल्पनाचं नाव विचारून घेतलं आणि दुवेत उच्चारलं.

त्यानंतर भारताचा माणूस पुन्हा वर जायला आणखी बावीस वर्षं लागली. २५ जून २०२५ ला ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला तीन सहकाऱ्यांबरोबर फ्लोरिडातून निघाले. उड्डाण बरेच वेळा पुढे ढकललं गेलं होतं. अखेर झालं ते आपल्या वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास यान स्थानकाला जोडलं गेलं. पुढचे अठरा दिवस ते तिथं होते. या वेळी माझ्या मोबाइलवर सगळं होतं : कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती अंशांवर. १९८४ साली जे सांगायला कुणी नव्हतं, ते आता खिशात होतं. फक्त आकाश नव्हतं. कोकणातला आषाढ! ढग इतके खाली की समोरची टेकडीसुद्धा दिसेना.

तरीही सांगितलेल्या वेळेला आम्ही गच्चीवर जात होतो. मी, माझा पुतण्या, शेजारची दोन पोरं, डोक्यावर छत्र्या. पुतण्या मिनिटं मोजायचा. “आता आला... आता डोक्यावर... गेला.” दिसायचा तो नुसता पाऊस. अम्मा आता ऐंशीच्या घरात आहे, जिना चढवत नाही. ती खाली पडवीत बसून विचारायची, “गेला का?” मी म्हणायचो, “गेला, पण दिसला नाही.” एकदा तिने विचारलं, “त्याची आई कुठं असते?” म्हटलं, “लखनौला. तिथं बसून तिने मुलाचं उड्डाण पाहिलं.” तर म्हणाली, “मग तिलाही आता तो दिसत नसणारच. दुवा मागायला दिसावं लागतं होय?”

१५ जुलैला ते कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात सुखरूप उतरले. आमच्याकडे तेव्हाही पाऊसच होता.

नोव्हेंबर २००० पासून ते स्थानक एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. कुणी उतरतं, कुणी चढतं, पण गेल्या पंचवीस वर्षांत अशी एकही रात्र गेली नाही की वर कुणाचं माणूस नव्हतं. दिवाळीनंतर आभाळ निवळलं की तुम्हीही एकदा बघा. दुर्बीण लागत नाही, शहरातल्या उजेडातही ते दिसतं. वेळ इंटरनेटवर मिळते. दहा मिनिटं आधी बाहेर या, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, बरोबर एखादं लहान मूल घ्या. ठिपका दिसला की त्याला एवढं मात्र सांगा, की त्यात माणसं आहेत, ती आता जेवत असतील, झोपली असतील किंवा खिडकीतून आपल्याकडेच बघत असतील.

आपलं स्वतःचं गगनयान श्रीहरिकोट्याहून निघायची तयारी चालू आहे. आधी माणसांशिवाय चाचण्या होतील, त्या व्हायलाच हव्यात. मग एके दिवशी त्यात आपली माणसं बसतील. त्या दिवशी दारं-खिडक्या उघडून सगळा देश वर बघेल, ढग असले तरी बघेल. निघणारे कुठल्याही भाषेतले असोत, आपण मनात त्यांच्या तोंडी आपलाच शब्द घालू या : येतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)