अपंग श्रमिकांचे अर्ज आणि कार्यकर्त्यांचे काम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज माझ्याकडे आलेला विषय वरवर पाहता रुक्ष आहे. अपंग व्यक्तीने सरकारी साहाय्यासाठी कोणते कागद जमवावेत ही कारकुनी बाब आहे, तिच्यासाठी अभ्यासवर्ग कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु कायद्याने दिलेला हक्क आणि हातात पडणारा पैसा यांच्यामध्ये कागदांचे भेंडोळे असते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याच्या घरी एक खाडा म्हणजे एक दिवसाची उपासमार, तो नेमका तेथेच अडतो.

प्रथम कायदा पाहू. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, अॅसिड हल्ल्याचे बळी यांचा त्यात समावेश झाला. 'अपंग' जाऊन सरकारी दप्तरात 'दिव्यांग' आले. पण नाव बदलल्याने चूल पेटत नाही. केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालील आणि किमान ८० टक्के अपंगत्व असलेल्यालाच मिळते. केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये, आणि २०१२ पासून तो तेवढाच आहे! म्हणजे ७५ टक्के अपंगत्व असलेल्या भूमिहीन मजुराला केंद्राकडून हे ३०० रुपयेही नाहीत. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत मात्र ४० टक्क्यांची अट आहे. प्रमाणपत्रावरील आकड्याला किती महत्त्व आहे, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून सर्वांत आधी हाती घ्यावयाचे ते अपंगत्वाचे प्रमाणपत्र. १ जून २०२१ पासून त्यासाठीचा अर्ज केंद्राच्या संगणकीय प्रणालीवरच करावा लागतो. आधार, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा यांबरोबर जुने केसपेपर, शस्त्रक्रियेचे व अपघाताचे कागद तारीखवार लावून तपासणीला न्यावेत. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्याची मुदत लिहून ठेवावी. टक्केवारी अन्यायाने कमी लावली, तर कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील करता येते. परप्रांतात गेलेल्या आपल्या बांधवांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ५८ व्या कलमानुसार हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. राज्याच्या योजनांना मात्र त्या त्या राज्यातील रहिवासाची अट असते. महाराष्ट्रात ती १५ वर्षांची आहे.

दुसरी बाब नावाची. एका यंत्रमाग कामगाराची तीन बोटे मागात गेली होती. आधारवर त्याचे पूर्ण नाव, शिधापत्रिकेवर घरात हाक मारण्याचे नाव आणि बँकेच्या पुस्तकात आडनावाचे स्पेलिंग निराळे. अर्ज दोनदा परत आला. काय चुकले ते कोणी सांगितले नाही. तिसऱ्या खेपेस आम्ही सर्व कागद एका ओळीत मांडले, तेव्हा दोष दिसला. तोवर सात महिने आणि कित्येक दिवसांची मजुरी बुडाली होती. तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी नाव, जन्मतारीख आणि पत्ता सर्व कागदांवर जुळवून घ्या.

तिसरी बाब क्रमाची. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते. तो आधी काढला आणि वैद्यकीय तपासणी लांबली, तर दाखला शिळा होतो आणि पुन्हा कचेरीचे खेटे सुरू होतात. म्हणून ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो तो कागद आधी आणि ज्याची मुदत लवकर संपते तो शेवटी.

चौथी बाब पोचेची. तारीख व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मूळ कागद दाखवावा, द्यावी ती प्रत. उत्तर येत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाची स्थिती विचारता येते आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास त्याची फी नाही. मंजुरीनंतरही हयातीचा दाखला वेळेवर द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात.

'टक्के वाढवून देतो' म्हणणाऱ्या दलालापासून माणसांना दूर ठेवा. लबाडीने लाभ घेतल्यास ९१ व्या कलमाखाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दलाल निसटतो आणि अडकतो तो गरीब.

कॉम्रेड्स, २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. त्यांचे अर्ज भरून देणे हा उपकार नव्हे. प्रत्येक शाखेने एक नोंदवही ठेवावी: अर्जदार कोण, कोणता कागद कधी दिला, कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे. एकट्याचा अडलेला अर्ज हे त्याचे दुर्दैव म्हणून सोडून दिले जाते. पण एकाच तालुक्यातील अडलेल्या चाळीस अर्जांची यादी घेऊन चाळीस कुटुंबे कचेरीत गेली, तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. २४ वे कलम सांगते की अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असले पाहिजे. हे आपल्या तालुक्यात घडते आहे काय, हेही त्या नोंदवहीतूनच कळेल. ती नोंदवही या आठवड्यातच उघडा, एवढेच माझे सांगणे आहे.